आधी अंदाज, मग सामान: सहावी-सातवीच्या प्रयोगांचे बारा आठवडे

सत्र नुकतंच संपलं. सहावीची एक आणि सातवीची एक अशा दोन तुकड्या, प्रत्येकी ४८ मुलं, १२ आठवडे, आणि आठवड्याला ४० मिनिटांची एक साधी तासिका नि एक जोडतासिका. एवढ्या वेळात मुलांनी स्वतःच्या हातांनी केलेल्या प्रयोगांची ही नोंद आहे, घडलं त्या क्रमाने. पुढच्या सत्रात ज्यांना हेच करायचं आहे आणि नुसत्या विचारानेच पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी ती लिहिली आहे. एकेकटा प्रयोग सोपाच असतो. एका खोलीत १२ गट एकाच वेळी काम करत असताना कुठे काय बिघडतं, हे कुठे लिहिलेलं मिळत नाही आणि धास्ती त्याचीच असते.

सुरू व्हायच्या आधीचे तीन आठवडे

लेखी अर्ज दिल्यापासून परवानगी हातात पडायला ९ दिवस लागले. पहिल्या अर्जात नुसतं ‘विज्ञान प्रयोग’ असं लिहिलं होतं. आग कुठे वापरणार, काच किती, रसायनं कोणती, असे प्रश्न घेऊन तो परत आला, आणि ते प्रश्न रास्तच होते. दुसऱ्या अर्जाला एका पानाचा तक्ता जोडला: प्रयोगाचं नाव, ज्योत आहे का, काच आहे का, रसायन कोणतं, ते कोण हाताळणार, आणि काही झालं तर काय करणार. या तक्त्यावर सही लगेच झाली. हा तक्ता पहिल्याच अर्जाला जोडा, आठवडा वाचतो.

पालकांची ९६ संमतिपत्रं गोळा व्हायला ११ दिवस गेले. त्यात दोनच प्रश्न होते: मुलाला दम्याचा त्रास आहे का, आणि कशाची ॲलर्जी आहे का. धूर होणाऱ्या प्रयोगाच्या दिवशी कोणाला खिडकीजवळ बसवायचं, हे त्यावरूनच ठरलं. जोडतासिकेसाठी वेळापत्रकात जागा मिळायला मात्र दुसरा आठवडा उजाडला. त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत ४० मिनिटांत संपेल असंच काम ठेवावं लागलं.

दरम्यान कपाट उघडलं. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, काय आहे आणि कपाटात काय आहे, हे आधी ताडून बघा आणि तफावत त्याच दिवशी लिहून सही घ्या. सत्राच्या शेवटी ती फुटतूट तुमच्या नावावर येऊ नये म्हणून हे करायचं. मेणबत्त्या, सेल, आयोडीन, स्पिरिट या संपणाऱ्या वस्तूंची वही वेगळी ठेवली. खरेदीच्या पावतीवर प्रत्येक वस्तूचं नाव आणि नग लिहून घ्या. ‘विज्ञान साहित्य’ असं मोघम लिहिलेली पावती हिशेबात अडकते. आमच्या खर्चाचा मोठा वाटा तापमापी आणि भिंगं यांनीच खाल्ला. नट, दोरा, खेळायची माती, वायर यांचं बिल त्या मानाने किरकोळ होतं.

तापमापी विकत घेण्याआधी कपाटातल्या जुन्या तपासल्या. एका भांड्यात बर्फाचा चुरा आणि थोडंसं पाणी घेऊन सगळ्या १४ तापमापी एकत्र उभ्या केल्या. पाच मिनिटांनी सगळ्यांनी ० अंश दाखवायला हवं. तीन जणी १ ते २ अंश चुकत होत्या. त्यांच्यावर कागदाची पट्टी चिकटवून ‘१ वजा करा’ असं लिहिलं, फेकल्या नाहीत. दोघींत लाल द्रवाचा स्तंभ मधेच तुटला होता. तापमापीचा खालचा फुगा बर्फ-मिठाच्या मिश्रणात बुडवून ठेवला की द्रव आकसून पूर्ण खाली उतरतो आणि स्तंभ पुन्हा जुळतो. पाऱ्याची तापमापी मुलांच्या हातात देऊच नका. तापाचा थर्मामीटरही नको, कारण तो साधारण ३५ ते ४२ अंशांपर्यंतच मोजतो आणि गरम पाण्यात घातला की फुटतो.

मग १२ डबे भरले. प्रत्येकात १.५ व्होल्टचे दोन सेल, टॉर्चचे दोन बल्ब, वायरचे सहा तुकडे, एकसारखे सहा नट, दीड मीटर दोरा, मोजपट्टी, भिंग, ड्रॉपर, खेळायच्या मातीचा गोळा, पॉलिश पेपरचा तुकडा आणि एक लोखंडी खिळा. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवली. डबा बंद करण्याआधी ती यादी वाचून वस्तू मोजायच्या, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. चौथ्या आठवड्यात सुरू केला तर तोवर निम्मे नट गेलेले असतात.

चार-चारचे गट

१९७२ मध्ये मध्य प्रदेशात १६ शाळांपासून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुलं चार-चारच्या टोळीत प्रयोग करायची. आम्हीही चारच ठेवले. पाच झाले की एक जण नुसता बघत बसतो. तीन केले तर गट १६ होतात आणि शिक्षक प्रत्येकाकडे पोहोचत नाही. चौघांची कामं ठरलेली: एक सामान आणणार, एक हाताने करणार, एक माप किंवा वेळ बघणार, एक लिहिणार. दर आठवड्याला कामं फिरवायची आणि भिंतीवर तसा तक्ता लावायचा. तक्ता नसेल तर ज्याचा आवाज मोठा त्याच्याच हातात सामान राहतं, आणि मुलींच्या हातात पेन.

वहीचा साचाही थोडा बदलला. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हा क्रम मुलांना पाठ असतो, आणि अनुमान गाईडमधून आदल्या रात्रीच उतरून आलेलं असतं. म्हणून साहित्याच्याही आधी एक चौकट घातली: ‘अंदाज, आणि तसं का वाटतं’. पेनने लिहायचं, नंतर खोडायचं नाही, चुकला म्हणून गुण जाणार नाहीत. आणि महत्त्वाचं म्हणजे चौघांचे अंदाज लिहून झाल्याशिवाय त्या गटाला डबा मिळणार नाही. एकदा हातात बल्ब आला की कोणी लिहीत नाही, आणि न लिहिलेला अंदाज मूल पाच मिनिटांत विसरतं. मग ‘मला आधीपासून माहीत होतं’ एवढंच उरतं. या संबंध सत्रात सगळ्यात जास्त फळ कशाने दिलं असेल तर ते या एका चौकटीने.

पहिला आठवडा: नुसतं मोजणं

पहिल्या आठवड्यात एकच टेबल १२ गटांनी मोजलं आणि आकडे फळ्यावर लिहिले. १२१.० पासून १२२.५ सेंटिमीटरपर्यंत आकडे आले. कोणी पट्टीच्या शून्याऐवजी लाकडी कडेपासून मोजलं होतं, कोणी पट्टी सरकवताना बोटाच्या जाडीएवढी जागा सोडली होती. ‘बरोबर उत्तर कोणतं?’ असं मुलं विचारतात. तेव्हा एक आकडा सांगून टाकायचा मोह आवरा. दोन गटांना एकमेकांसमोर पुन्हा मोजायला लावलं की कारण तेच शोधून काढतात. पुढचे ११ आठवडे या तासावर उभे असतात.

दुसरा आणि तिसरा आठवडा: लंबक

लंबकाला सामान जवळजवळ लागत नाही, म्हणून तो आधी घेतला. टेबलाच्या कडेला पेन्सिल चिकटपट्टीने घट्ट बसवायची, तिला दोरा बांधायचा, टोकाला नट. दोऱ्याची लांबी पेन्सिलपासून नटाच्या मध्यापर्यंत मोजायची. गाठीपर्यंत मोजली तर प्रत्येक गटाचं उत्तर वेगळं येतं. एका झोक्याची वेळ मोजणं मुलांना जमत नाही, बोटाची चूकच मोठी असते. १० झोक्यांची मोजून १० ने भागायची.

लांबी २५ सेंटिमीटर असेल तर १० झोक्यांना १० सेकंद लागतात, ५० ला १४.२ आणि १०० ला २० च्या किंचित वर. हे आकडे शिक्षकाने स्वतःजवळ ठेवायचे. कोणत्या गटाचं काय चुकतंय हे त्यावरून लांबूनच कळतं. २५ सेंटिमीटरला ९ सेकंद आले, म्हणजे नट सोडतानाच ‘एक’ म्हटलंय. सोडताना ‘शून्य’ म्हणायचं; नट सुटला त्या बाजूला परत आला की ‘एक’. १० च्या वर साडेदहा-पावणेअकरा आले, तर झोका फार मोठा घेतलाय का बघा. उभ्या रेषेपासून ६० अंशांवरून सोडला तर वेळ सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. १५ अंशांच्या आत ठेवला तर फरक स्टॉपवॉचवर दिसण्याएवढा राहत नाही. पेन्सिल हलत असेल तरी आकडे भरकटतात.

वजन वाढवलं तर काय होईल? ४८ पैकी ३९ मुलांनी लिहिलं होतं की जड लंबक लवकर झुलेल. आणि इथे नवख्या शिक्षकाची फसगत होते, कारण प्रयोग करून झाल्यावरही काही गट ‘वजनाने फरक पडतो’ असंच सांगतात. आकडेही दाखवतात: एका नटाला १०.० सेकंद, पाच नटांना १०.८. त्यांच्याकडे वाकून बघितलं तर दिसतं की पाच नट एकाखाली एक, माळेसारखे बांधलेत. प्रत्येक नट दोन सेंटिमीटरचा असेल तर माळेचा मध्य चार सेंटिमीटर खाली गेला. वजनाबरोबर लांबीही वाढली.

हे सांगून टाकू नका. त्या गटाजवळ मोजपट्टी ठेवून एवढंच म्हणा, ‘मध्य कुठे आहे, पुन्हा मोजा.’ एका गटातली मुलगी बराच वेळ दोऱ्याकडे बघत राहिली, मग वायरचा छोटा हूक करून पाचही नट एकाच जागी एकमेकांना लगटून अडकवले, दोरा थोडा आखडून मध्य पुन्हा २५ वर आणला आणि मोजलं. १०.१ आलं. ‘बाई, आमचं मघाचं चुकलं नव्हतं, आम्ही दोन गोष्टी बदलल्या होत्या,’ असं ती म्हणाली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे वाक्य त्यानंतर फळ्यावर लिहिलं. आधी लिहून काही उपयोग होत नाही.

चौथा आणि पाचवा आठवडा: सेल, बल्ब, एक वायर

होल्डर देऊ नका. एक सेल, एक बल्ब आणि वायरचा एकच तुकडा देऊन बल्ब पेटवायला सांगा, आणि त्याआधी चित्र काढून घ्या. बहुतेक चित्रांत वायर सेलच्या एका टोकापासून बल्बच्या बुडाला जाते आणि तिथेच संपते, जणू नळातून पाणी आलं की झालं. बल्बला जोडायच्या जागा दोन असतात, बुडाचा ठिपका आणि बाजूचे आटे, हे भिंगातून बघितल्याशिवाय कळत नाही. बल्ब पेटायला आमच्या गटांना ४ ते १७ मिनिटं लागली. १७ मिनिटंवाल्या गटाला मदत करावीशी वाटते. फक्त भिंग पुढे करा.

याच वेळी वायर सेलच्या दोन्ही टोकांना थेट लागते आणि बोटाला चटका बसतो. ‘वायर गरम झाली की लगेच सोडा’ ही सूचना सामान वाटण्याआधी द्या. घरातल्या विजेच्या सॉकेटमध्ये यातलं काहीही कधीही घालायचं नाही, हे प्रत्येक तासाला पुन्हा म्हणायचं. घड्याळातले बटण सेल वर्गात आणू नका. ते गिळले गेले तर जिवावर बेततं.

बल्ब निवडताना आमच्याकडून झालेली चूक सांगणं जरूर आहे. दोन बल्ब एकसरीत, म्हणजे एकाच वाटेत एकापाठोपाठ एक, जोडले की दोन्ही सारखेच, पण मंद पेटायला हवेत. मुलांचा अंदाज असतो की पहिला बल्ब वीज ‘खाऊन टाकेल’ आणि दुसरा मंद पेटेल. आमच्या चार गटांत नेमकं तसंच झालं. खरेदीत २.५ आणि ३.८ व्होल्टचे बल्ब मिसळले गेले होते, आणि एकसरीत ज्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) जास्त तो जास्त उजळतो. म्हणजे प्रयोगाने चुकीच्या कल्पनेवरच शिक्का मारला. सुटका एवढ्यानेच झाली की बल्बांच्या जागा अदलाबदल करायला लावल्या: तोच बल्ब पुन्हा उजळ, मग तो पहिला असो की दुसरा. तरीही ज्यांना हे टाळायचं आहे त्यांनी आदल्या दिवशी सगळे बल्ब जोडी-जोडीने एकसरीत लावून बघावेत आणि जुळणारेच एका डब्यात टाकावेत. बल्बच्या आट्यांवर बारीक अक्षरात व्होल्ट कोरलेले असतात.

एलईडी द्यायचा असेल तर लाल द्या. त्याला साधारण १.८ ते २ व्होल्ट लागतात, त्यामुळे एका सेलवर तो पेटत नाही आणि ‘खराब आहे’ म्हणून परत येतो. दोन सेल आणि १०० ओहमचा एक रोध, लांब पाय धन टोकाकडे. ९ व्होल्टची बॅटरी रोधाशिवाय लावली की एलईडी क्षणात जातो.

कशातून वीज वाहते याच्या यादीत दोन गोष्टी मुद्दाम ठेवल्या: पेन्सिलचं शिसं, ज्यातून वाहते, आणि रंगीत पेपरक्लिप, जिच्यातून वाहत नाही. क्लिप धातूचीच आहे असा वाद झाला. पॉलिश पेपर डब्यात होताच. घासल्यावर बल्ब पेटला.

सहावा आठवडा विद्युतचुंबकाचा, आणि तो सहज पार पडतो, एक गोष्ट सांभाळली तर. तांब्याच्या तारेवर लाखेसारखा लेप असतो. दोन्ही टोकं दोन-दोन सेंटिमीटर घासून लाल चकाकी आणल्याशिवाय काहीही होत नाही. खिळ्यावर ५० वेढे, एक सेल, आणि एका वेळी ५ सेकंदांहून जास्त जोडणी नाही, कारण तार आणि सेल दोन्ही तापतात. वेढे २५ केले तर टाचण्या कमी उचलल्या जातात का, हे प्रत्येक गटाने तीन-तीनदा मोजलं. पोलादी खिळा सेल काढल्यावरही थोडा चुंबक राहतो. काही गटांच्या विचित्र आकड्यांचं कारण ते होतं.

सातवा आणि आठवा आठवडा: पानातला स्टार्च

पानात स्टार्च तयार व्हायला ऊन लागतं, आणि स्टार्च असेल तिथे आयोडीनने निळा-काळा रंग येतो, हे दाखवणारा हा प्रयोग पुस्तकात चार ओळींचा असतो आणि वर्गात सगळ्यात जास्त वेळा फसतो. फसतो तो बहुतेक वेळापत्रकामुळे. झाड आधी किमान ४८ तास पूर्ण अंधारात हवं, म्हणजे पानातला साठलेला स्टार्च वापरला जाईल. ते न करता पानावर काळ्या कागदाची पट्टी लावली, तर सगळंच्या सगळं पान निळं होतं. आम्ही कुंड्या शुक्रवारी संध्याकाळी बंद कपाटात ठेवल्या, सोमवारी सकाळी शाळा भरताच काळ्या कागदाच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी घट्ट क्लिप केल्या आणि कुंड्या उन्हात नेल्या. चाचणी सोमवारीच शेवटच्या जोडतासिकेत. ही तासिका सकाळची असेल तर बदलून घ्या. सकाळच्या पानात दाखवण्यासारखं फारसं काही साठलेलं नसतं.

पान आधी उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटं. ही पायरी गाळली तर पेशींची आवरणं शाबूत राहतात आणि पुढे आयोडीन आत शिरत नाही. मग परीक्षानळीत पान बुडेल एवढं, म्हणजे ८ ते १० मिलिलीटर स्पिरिट (अल्कोहोल). आणि इथे एकही ज्योत नको. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं आणि त्याची वाफ पेट घेते. पाणी विजेच्या किटलीत उकळून चंचुपात्रात (बीकरमध्ये) ओतलं, त्यात परीक्षानळी उभी केली. खोलीत ना दिवा, ना काडेपेटी. बाटली शिक्षकाच्याच हातात. हे स्पिरिट विषारी असतं. खिडक्या उघड्या. सात-आठ मिनिटांत द्रव हिरवा आणि पान फिकट होतं. पाणी निवलं तर ते बदलून पुन्हा गरम घ्यावं लागतं, म्हणून किटली दुसऱ्यांदा भरून तयार ठेवा.

स्पिरिटमधून काढलेलं पान कागदासारखं कडक होतं, उलगडताना मोडतं. कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवलं की मऊ पडतं. मग पांढऱ्या बशीत पसरून आयोडीनचे थेंब आणि दोन-तीन मिनिटं वाट. आयोडीन गडद चहासारखं असेल तर सगळं पान तपकिरी दिसतं आणि निळा-काळा रंग त्यात बुडून जातो. फिकट चहाइतकं पातळ करा.

पहिल्या खेपेला १२ पैकी ५ गटांचं पान नीट आलं. दुसऱ्या सोमवारी १० गटांचं. राहिलेल्या दोघांचं पान जाड आणि मेणचट होतं, रंग निघालाच नाही. पातळ, मऊ पानाचं झाड निवडा. पहिल्या खेपेच्या फसलेल्या सात पानांवरही एक तास गेला आणि तो वाया गेला नाही. प्रत्येक गटाने कारणाचा अंदाज लिहिला आणि दुसऱ्या खेपेला तेवढीच एक पायरी बदलून बघितली.

बियांचा प्रयोग याच काळात मागे चालू होता. प्रत्येक गटाला चार बशा, प्रत्येक बशीत १० बिया: कोरडी, ओलसर, पाण्यात पूर्ण बुडालेली, आणि ओलसर पण अंधारातली. अंधारात कोंब येणार नाही असंच जवळपास सगळ्यांनी लिहिलं होतं. ते आले, फक्त लांब आणि पिवळट. कापूस चिंब झाला तर बुरशी धरते. दाबल्यावर थेंब पडता कामा नये. ओलसर बशीत कोणाच्या १० पैकी ७ रुजल्या, कोणाच्या १०, आणि भांडण सुरू झालं. सगळ्या गटांचे आकडे मिळवून १२० बियांचा हिशेब फळ्यावर मांडला, तेव्हा ते मिटलं. सुट्टी मधे आली तर बशांचं पाणी कोण बघणार, हे मात्र आधी ठरवून ठेवा.

नववा आठवडा: मेणबत्ती आणि चढणारं पाणी

बशीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. ‘ऑक्सिजन जळून गेला, हवेत तो एक पंचमांश असतो, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं,’ हे स्पष्टीकरण आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं आहे, अनेकांनी शिकवलेलंही आहे. ते चूक आहे, आणि सहावीतलं मूल ते स्वतः तपासू शकतं. म्हणून या प्रयोगाला दोन जोडतासिका दिल्या.

पाणी रंगीत घ्या, एक सेंटिमीटर खोल. मेणबत्ती तीन-चार सेंटिमीटरची, मातीच्या गोळ्यात रोवलेली. ग्लास सरळ बाजूंचा. निमुळत्या ग्लासात उंची मोजून उपयोग नाही. केस बांधलेले, ओढण्या आणि सैल बाह्या खोचलेल्या, वाळूची बादली दाराशी आणि नळ चालू आहे याची खात्री. कोणाला भाजलंच तर तो भाग २० मिनिटं वाहत्या थंड पाण्याखाली; त्यावर दुसरं काहीही चोपडायचं नाही.

मुलांना तीनच गोष्टी बघायला सांगितल्या: ग्लास ठेवतानाच काय होतं, पाणी नेमकं कधी चढतं, आणि मेणबत्त्या तीन केल्या तर किती चढतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ग्लासाच्या कडेशी डोळे नेल्यावरच मिळतं: बुडबुडे बाहेर येतात. दुसऱ्याचं उत्तर सगळ्या गटांचं सारखं आलं: ज्योत जळत असताना पाणी फारसं हलत नाही, विझल्यावर झपकन चढतं. ऑक्सिजन संपण्याने चढत असतं तर ते जळतानाच चढत राहिलं असतं. आणि तीन मेणबत्त्यांनी पाणी एकीच्या मानाने बरंच जास्त चढलं. ग्लासातला ऑक्सिजन तर तेवढाच होता.

मग मुलांनीच जुळवलं: ज्योतीने हवा तापून फुगली, थोडी बाहेर गेली, ज्योत विझल्यावर उरलेली थंड होऊन आकसली, आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी आत ढकललं. ऑक्सिजनही काही प्रमाणात खर्च होतो, पण त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड येतो. मेणाच्या एका नमुनेदार रेणूला जळायला ऑक्सिजनचे ३८ रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे २५ तयार होतात, म्हणजे घट होते ती थोडीच. शिवाय ज्योत विझते तेव्हाही हवेत सुमारे १६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो. हे आकडे सातवीला सांगितले, सहावीला नाही.

‘मग मेणबत्तीशिवायही चढेल?’ हा प्रश्न मागच्या बाकावरून आला. किटली होतीच. ग्लासात गरम पाणी भरून दोन मिनिटं ठेवलं, ओतून दिलं आणि ग्लास लगेच बशीत उपडा केला. रंगीत पाणी हळूहळू वर सरकलं. खोलीत एकदम शांतता पसरली. साध्या काचेचा ग्लास तडकू शकतो आणि स्टीलच्या पेल्यातून आतलं पाणी दिसत नाही; उष्णता सोसणारं प्रयोगशाळेचं चंचुपात्र घ्या.

मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. दोन जोडतासिका कमीच पडतात.

दहावा आठवडा उन्हातला. जाड पुठ्ठ्यात ५ मिलिमीटरचं चौकोनी भोक पाडून तीन मीटरवर पांढऱ्या कागदावर ऊन पाडलं. कवडसा चौकोनी पडेल असं सगळ्यांनी लिहिलं होतं. तो गोल पडतो, कारण ती सूर्याची प्रतिमा असते. अंतर एक मीटरने वाढलं की ती सुमारे ९ मिलिमीटरने मोठी होते. भोकातून सूर्याकडे बघायचं नाही, पाठ सूर्याकडे ठेवून कागदाकडे बघायचं. ढग आले तर तास गेला, म्हणून वर्गात करता येईल असा एखादा प्रयोग हाताशी ठेवा.

शेवटचे दोन आठवडे: परीक्षा आणि हिशेब

लेखी प्रश्नांनी या कामाचं मूल्यमापन होत नाही. प्रत्येक मुलाला एकट्याने १२ मिनिटांचं एक काम दिलं, वही उघडी ठेवून. उदाहरणार्थ, सर्किट जोडून दिलेलं, बल्ब पेटत नाही, का ते शोधा. दोष आम्ही आधी घालून ठेवले होते: एकात तारेचा लेप न घासलेला, एकात दोनपैकी एक सेल उलटा, एकात फुटक्या तंतूचा बल्ब. १० पैकी गुण असे: अंदाज आणि कारण ३, तपासायची रीत ४, नोंद ३. उत्तर सापडलं नाही तरी रीत बरोबर असेल तर ७ पर्यंत गुण मिळतात, हे मुलांना आधी सांगितलं. दोन तुकड्यांना मिळून चार दिवस लागले. उरलेली मुलं शेजारच्या वर्गात कोणाच्या देखरेखीखाली बसणार, त्याचंही पत्र आधी द्यावं लागतं. गुणतक्त्यात ‘प्रात्यक्षिक’ असा एकच रकाना असतो. तिन्ही भागांचे गुण आम्ही वेगळ्या वहीत ठेवले, कारण पालक विचारतात आणि नुसता ७ हा आकडा काही सांगत नाही.

शेवटच्या शनिवारी डबे परत मोजले. सहा महिन्यांनी डबा उघडायचा असेल तर सेल बाहेर काढून ठेवा. आत राहिले की पाझरतात आणि वायरींच्या टोकांवर हिरवट थर चढतो. बारा डब्यांतून ५ नट, ४ बल्ब आणि १ भिंग कमी भरलं, आणि कपाटातल्या २ तापमापी. तापमापी फुटल्याची तारीख आणि प्रयोग त्या-त्या दिवशीच लिहिला होता, त्यामुळे रजिस्टरमधून त्या कमी करून घ्यायला एकच सही लागली. भिंग मंगळवारी एका दप्तरात सापडलं, आणि डबा क्रमांक ८ च्या यादीवरची लाल खूण खोडली.